पूरनकाशासोबत त्यामागचे गणितही जाहीर करावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. 2019 आणि 2021 मध्ये ही पातळी 50 फुटांच्या वर गेली, तेव्हापासून पाणी कुठवर येणार हे आधी कळावे असे आपणा सर्वांना वाटते, आणि ते रास्तच आहे. मात्र हे उत्तर पूरनकाशात मांडणारी संगणकीय आकडेमोड स्थिर आहे का, म्हणजे तिच्यातली बारीकशी चूक वाढत तर जात नाही ना, हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

नदीच्या प्रवाहाची समीकरणे सँ-व्हेनाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1871 मध्ये मांडली. ती अरेषीय आंशिक विकलक समीकरणे, म्हणजे जागेनुसार आणि काळानुसार होणारे बदल एकमेकांत गुंतवणारी समीकरणे, असून खऱ्याखुऱ्या नदीसाठी ती सूत्राने सुटत नाहीत. नदीचे तुकडे पाडून, काळाच्या छोट्या पावलांनी उत्तर पुढे न्यावे लागते. पाऊल किती मोठे असावे, याची मर्यादा कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी 1928 मध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगणक येण्याआधी दाखवून दिली. समजा, पाणी 10 मीटर खोल आहे आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला 2 मीटर आहे. अशा पाण्यात लाट सेकंदाला सुमारे 12 मीटर धावते. नदीचे तुकडे 100 मीटरचे असतील, तर आधीच्या क्षणावरून थेट पुढचा क्षण काढणाऱ्या पद्धतीत पाऊल साधारण 8 सेकंदांपेक्षा मोठे घेता येत नाही. ते 20 सेकंदांचे घेतले, तर बारीकशी चूक दर पावलाला वाढत जाते आणि थोड्याच वेळात पाण्याची खोली अर्थहीन येते.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. प्रेसमन यांच्या पद्धतीसारख्या, पुढच्या क्षणाची सर्व अज्ञाते एकत्र सोडवणाऱ्या पद्धतीत मोठे पाऊल चालते, पण त्यातला भारांक, म्हणजे आधीच्या क्षणाच्या तुलनेत पुढच्या क्षणाला दिलेले वजन, 1 कडे नेला की उत्तर जितके शांत होते, तितके पुराचे शिखर बोथट होते. नकाशा गुळगुळीत दिसतो आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्ती कुठवर उचलून ठेवायच्या, याचा अंदाज मात्र चुकतो. शिवाय आपल्याकडे नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णेचा फुगवटा आला की पंचगंगेचे पाणी खालून अडते. केवळ वरून खाली मोजत जाणाऱ्या सोप्या पद्धतीला हा फुगवटा दिसतच नाही.

काठाच्या कोरड्या शेतात पाणी शिरते, तिथे तर आकडेमोडीत खोली चक्क उणे येते. मी पूर्वी तपासलेल्या एका अहवालात ती मुकाट्याने शून्य केलेली होती, म्हणजे दर पावलाला हवेतून पाणी निर्माण झाले होते आणि शेवटचा हिशेब कोणी जुळवलाच नव्हता.

म्हणून माझी विनंती आहे की नकाशा जाहीर करताना तुकड्याची लांबी, काळाचे पाऊल, वापरलेली पद्धत, आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पाण्याचा हिशेब किती जुळला, आणि त्याच गणिताने 2019 व 2021 चे पाणी कुठवर दाखवले, एवढे सोबत छापावे. ज्या घरांनी त्या दोन वर्षांच्या पाण्याच्या खुणा भिंतीवर जपल्या असतील, त्यांच्या उंचीशी हे आकडे ताडून पाहता येतील.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर