व्हिसेरात विष सापडलं नाही, म्हणजे साप चावलाच नाही का?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू. मी ती हल्ली शेवटपर्यंत वाचतो, कारण आमच्या आण्णांची तेवढीसुद्धा बातमी आली नाही. त्यांच्या मरणाचं कारण कागदावर अजून कोरंच आहे.

आण्णा म्हणजे माझे चुलते. ऑगस्टातली गोष्ट, वस्तीवर खाली पटकूर टाकून झोपलेले. पहाटे तीन-चारला पोट दुखतंय म्हणून उठले, काकूनं ओवा दिला, वाटलं रात्रीचं जेवण बाधलं असंल. तासाभरात पापण्या जड व्हायला लागल्या, बोलणं बोबडं यायला लागलं, थुंकी गिळता येईना. जीप मिळून दवाखाना गाठेपर्यंत श्वास थांबला होता. अंगावर सूज नाही, रक्त नाही, दात लागल्याची खूण कुणाला दिसली नाही. हवालदारानं पंचनामा करताना काकूला पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? कर्ज किती होतं?

पीएम म्हणजे शवविच्छेदन झालं. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांनी ओपिनियन रिझर्व्ह लिहिलं, मत राखून ठेवलं, व्हिसेरा तपासणीला. डॉक्टरांवर माझा राग नाही हे आधीच सांगतो. ही सगळी लक्षणं मण्यारची आहेत हे मला नंतर कळलं, आणि मण्यारची खोड अशी की ती रात्री, बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण दिसतच नाही, दुखतही नाही फारसं. तिचं विष नसा आणि स्नायूंमधला निरोपच तोडतं, माणूस श्वास घेऊ न शकल्यानं जातो आणि पीएमला आत उघडून बघितलं तरी खास असं काही हाताला लागत नाही. घोणस चावली तर सूज, रक्तस्राव, किडनी असा काहीतरी पुरावा मागं राहतो, मण्यारचं तसं नाही.

मग व्हिसेरा. म्हणजे जठर आणि त्यातलं जे काय असेल ते, आतड्याचा तुकडा, लिव्हर, किडनीचे तुकडे हे मिठाच्या दाट पाण्यात बरणीत घालून, लाखेचं सील मारून प्रयोगशाळेत जातात. आमच्या बरण्या आधी कित्येक दिवस पोलीस ठाण्यातच होत्या, न्यायला माणूस मोकळा नाही म्हणून. मी एकदा विचारायला गेलो तर कपाटावर खोक्यात ठेवलेल्या दिसल्या, वर बंदोबस्ताच्या काठ्या. अकरा महिन्यांनी रिपोर्ट आला, एका ओळीचा. सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत कोणतेही विष आढळून आले नाही.

मला वाटलं विषय संपला, मीच चुकलो असेन. ओळखीच्या एका फॉरेन्सिकच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर ते म्हणाले, अरे यात सापडणारच नव्हतं. नेहमीची व्हिसेरा तपासणी शोधते ती कीटकनाशकं, उंदराचं औषध, धोतऱ्यासारखी वनस्पतीची विषं, आर्सेनिकसारखे धातू. सापाचं विष म्हणजे प्रथिनं, ती त्या चाचण्यांत पकडली जात नाहीत, आणि साप चावल्यावर विष तोंडावाटे गेलेलंच नसतं तर जठर तपासून काय मिळणार. त्यासाठी चावल्या जागेची कातडी आणि खालचं थोडं मांस, शिवाय रक्त वेगळं काढून ठेवायचं आणि अँटीबॉडी वापरून चाचणी करायची, एलायझा म्हणतात तिला. ही काय कालची गोष्ट नाही, लिव्हरपूलच्या संशोधकांनी १९७७ सालीच एलायझानं सापाचं विष मोजून दाखवलंय. ऑस्ट्रेलियात तर चावल्या जागेच्या स्वॅबवरून विष ओळखायचं किट हॉस्पिटलात कित्येक वर्षं वापरलंय. आपल्याकडं हाफकिनसारखी संस्था आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरची लस याच देशात बनते, ती लस म्हणजे घोड्याच्या रक्तातल्या अँटीबॉडीच की, मग मेलेल्या माणसाच्या रक्तात ते विष ओळखायची सोय जिल्ह्याजिल्ह्याच्या तपासणीत का नसावी हे मला कळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. देशात सर्पदंशानं २००० ते २०१९ या काळात साधारण बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा जो अंदाज २०२० साली आला तो बरण्यांमधून आलेला नाही. मिलियन डेथ स्टडी म्हणून मोठा अभ्यास आहे, त्यात माणसं घरोघर जाऊन घरच्यांना विचारतात, शेवटच्या दिवसात काय झालं, काय दिसलं, आणि ते वाचून डॉक्टर कारण ठरवतात. व्हर्बल ऑटोप्सी, म्हणजे तोंडी पीएमच. आमच्या काकूला पापण्यांचं, बोबडं बोलण्याचं, पोटदुखीचं सगळं तोंडपाठ होतं, अजून आहे. पंचनाम्यात त्यातलं एक अक्षर नाही. कर्जाचा आकडा मात्र आहे, सोसायटीचं चाळीस हजार.

केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सांगितलंय की सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू नोंदवणं बंधनकारक करा, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरलंय. चांगलंच आहे, पण आण्णांसारखा माणूस या मोजणीत येणार कुठून? म्हणून दोनच मागण्या. अकस्मात मृत्यूच्या पंचनाम्यात (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ झालंय) घरच्यांनी पाहिलेली लक्षणं लिहायचा रकाना हवा, कुठं झोपले होते, किती वाजता काय झालं, एवढंच. आणि संशय असेल तिथं पीएमच्या टेबलावर भिंग घेऊन बोटांच्या बेचक्या, कानामागं, केसांत बघा, कातडी नि रक्त वेगळं पाठवा, आणि ते तपासणारं यंत्र नि माणूस प्रयोगशाळेत असू द्या. विष आढळून आले नाही या वाक्याखाली सापाच्या विषाची तपासणी केलेली नाही असं एक वाक्य छापलं तरी पुष्कळ, त्याला तर खर्चही नाही.

अपघाती मृत्यूचे दोन लाख मिळावेत म्हणून काकूचा अर्ज पडून आहे. आत्महत्या असेल तर ते मिळत नाहीत, आणि कारण कोरं असलं की टेबलावरचा माणूस संशयानंच बघतो. परवा परत बोलावलं होतं, रिपोर्टची झेरॉक्स मागितली. तिसऱ्यांदा. दिली.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये, काकूला आवडणार नाही)