तेराच्या पुढची खूण

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, रात्री

ती. बाबांस व ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

वि. वि. इकडे सगळे बरे आहेत. रिचार्ज संपलेला नाही, फोनही हरवलेला नाही. हे आधीच लिहिते, कारण चार दिवस मी ग्रुपवर दिसले नाही तर बाबांनी थेट यांना ऑफिसात फोन लावून विचारलं म्हणे, "काही भांडणबिंडण झालंय का?" काही नाही झालं. संध्याकाळी मी फोन पिठाच्या डब्यावर ठेवून देते, एवढंच.

मांजरेला पूर आला होता ती रात्र आठवते ना? रात्री दोनला माझा फोन वाजला आणि आई दचकून उठली. तुम्ही दोघं गाढ झोपेत होतात, आपल्या अंगणात तर चिखलसुद्धा नव्हता. इकडे मी नऊपासून एकामागून एक व्हिडिओ बघत बसले होते आणि तेवढ्यात तुम्हाला तीनदा वाहून जाताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यातला एक पूल आपल्या राज्यातला पण नव्हता. तेव्हाच ठरवलं. आता घरी आल्यावर हातात साधा बटणांचा फोन असतो, त्याचा नंबर आईच्या वहीत आहे. सगळं सोडलंय असं नाही हं. पोराचा अभ्यास शाळेच्या ग्रुपवरच येतो, आणि भाजीवाली मावशी सुटे नाहीत म्हणून पैसे भरायच्या क्यूआर कोडकडेच बोट दाखवते.

पण रात्र एकदम लांबलचक झाली. म्हणून बाबा, तुमचा रेडिओ उघडला. दिवाळीला माळवदाच्या खोलीत कणगीमागं सापडलेला, "घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देतो" म्हणालात तोच. कातडी कव्हर उंदरांनी खाल्लंय. आतले सेल फुटून सगळ्या पत्र्यांवर हिरवं-पांढरं चढलं होतं. लिंबू लावून पॉलिश पेपरनं घासलं, चकचकीत झालं, पण आवाज काही नाही.

पैठण गेटला मोबाइलची दुकानं ओळीनं, रेडिओ म्हटलं की पोरं हसतात. शेवटी शहागंजात एक म्हातारे चाचा भेटले. त्यांनी सेट हलवला, कानाला लावला आणि म्हणाले, "बेटा, जिंदा है. तूच कर." आणि युक्ती सांगितली. आवाजाच्या बटणाखाली तीन पाय असतात. सेट चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याला बोट लावायचं आणि टोक मधल्या पायाला टेकवायचं. 'घुर्र' झालं तर तिथून स्पीकरपर्यंत सगळं ठणठणीत, रोग त्याच्या अलीकडं. घरी येऊन टेकवलं. घुर्र! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण दार वाजवून विचारून गेली.

रोग सापडला काळ्या कांडीवर. तिच्यावर एरियलची तार गुंडाळलेली असते, म्हणजे केसाइतक्या बारीक तारा रेशमात बांधलेल्या. तिचं एक टोक तुटलं होतं. प्रत्येक तारेवरचा लाखेसारखा थर खरवडून मगच डाग द्यायचा, एखादी राहिली तर जोड कच्चा. दोन संध्याकाळी गेल्या, अंगठा भाजला. डायलवर स्टेशन दाखवणाऱ्या सुईचा दोरा कुजला होता, तिथं आईनं दिलेला वाकळीचा दोरा ओवला. आधी घसरत होता, मग राळ चोळली. आई, तुझा दोरा आता स्टेशनं लावतोय.

पहिल्या रात्री नुसती भणभण. चाचांनी सांगितलं होतं तसं एकेक बंद करत गेले. एलईडीचा दिवा, चार्जर, वायफायचा डबा. प्रत्येक बटणासरशी भणभण कमी होत गेली. शेवटी अंधारात पोरगं टॉर्च घेऊन उभं, आणि त्या शांततेत एक बाई कानडीत गायला लागली. आई, तुझी आई भाकरी थापताना गुणगुणायची ना, तसाच तो हेल. भालकीकडचं सगळं आठवलं. पोरगं म्हणालं, दिवसा का नाही लागत? दिवसा उन्हानं वरच्या हवेत एक थर तयार होतो, तो या रेडिओच्या मिडीयम वेव्ह लहरी पिऊन टाकतो. दिवस मावळला की तो विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण झोपायला गेला नाही.

बाबा, डायलच्या काचेवर १३ च्या जरा पुढं तुम्ही ब्लेडनं मारलेली खूण अजून आहे. परभणी आकाशवाणी, १३०५ किलोहर्ट्झ. ती दिसली आणि किल्लारीच्या भूकंपाचे दिवस डोळ्यांपुढं आले. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, पहाटे ३:५६. मी चौथीत होते. नंतर कितीतरी रात्री आपण बाहेर झोपलो. रोज कोणीतरी यायचं, "आज रात्री पुन्हा होणार, बघा." तुम्ही म्हणायचात, "बातम्या लागू द्या." सगळी आळी खाटेभोवती. उतरलेले सेल आईनं दुपारभर पत्र्यावर वाळवलेले असायचे. बातम्या संपल्या की लगेच तुम्ही बटण बंद करायचात, सेल पुरवायचे म्हणून. मला फार राग यायचा, कारण पुढं गाणी असायची.

आता एक काम तुमच्याकडं. सुई मी अंदाजानं बांधलीय. खूण आणि स्टेशन जुळतं का, ते इथून कळत नाही, परभणीच्या जागी दिवसा नुसती खरखर आहे. पुढच्या महिन्यात रेडिओ घेऊन येते. बाबा, कान तुमचा लागेल, मी फक्त स्क्रू फिरवीन. तोवर रविवारी संध्याकाळी बटणाच्या फोनवर बोलू. आणि जमलं तर पोस्टकार्ड टाका, अजून ५० पैशांतच येतं. पोराला आजोबांचं अक्षर ठाऊक नाही.

तुमची लेक

ता. क. मोठे सेल चार आणून ठेवा. आई, नवे घे. जुने वाळवायला ठेवू नकोस.