अखाजीला मी कैरोत असेन

ती. आई आणि नाना,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण नानांचं नुसतं 'हं' ऐकलं की मला पुढचं सुचत नाही. परराष्ट्र सेवेत भाषेच्या पसंतीत मी अरबी पहिली लिहिली होती, तीच मिळाली. ती शिकायला यंदा अखाजीला मी कैरोत असेन.

तुम्हाला न विचारता लिहिलं, हे खरं. पण मसुरीचं प्रशिक्षण झालं, दिल्लीला सुषमा स्वराज संस्थेतलं शिक्षण झालं, तरी परदेशी भाषेची परीक्षा पास होईपर्यंत नोकरी पक्की नाही. (परीक्षा संपल्या म्हणून वाटलेले पेढे जरा लवकरच झाले!) फ्रेंच घेतली असती तरी दूरच गेले असते. आयएएस मिळालं असतं तरी जळगावची कलेक्टर थोडीच होणार होते? केडर नागालँडही लागलं असतं. अरबीचं काम तरी पडेल. आपल्या गल्लीतली पोरं आखातात आहेत. मालकाने पासपोर्ट दाबून ठेवला की ती दूतावासाकडेच धावतात. त्या मालकाशी त्याच्या भाषेत बोलणारं कुणी नको?

आई, हुद्दा थर्ड सेक्रेटरी. कुणी 'तिसरीच का?' म्हटलं तर सांग, सगळे तिथूनच चढतात. कैरोतही वांगं भाजतात, वर तिळाचं वाटण घालतात. आपल्या भरताची लांबची बहीण म्हण. कळण्याचं पीठ मात्र दोन किलो देच. नाना, लांब धाग्याचा कापूस तिकडचाच. बी आणणार नाही, आधीच सांगते.

लग्नाचं मावशीला असं सांग: या सेवेतल्या पहिल्या बाई सी. बी. मुथम्मा, 1949 च्या. तेव्हा बाईला लग्नाला सरकारची लेखी परवानगी लागायची. त्यांच्या अर्जावर 1979 साली सुप्रीम कोर्टाने सरकारला खडसावलं. मला फक्त तुमची परवानगी हवी, तीही एवढ्यात नको.

भुसावळच्या फलाटावर नाना मला खांद्यावर घेऊन गाड्यांच्या पाट्या वाचायला लावायचे. चुकलं की गाडी सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा. आता उजवीकडून डावीकडे वाचायचंय, आणि खांदा नाही.

बरं, आता ऐका. नाना, मोतीबिंदूचं ऑपरेशन मी निघायच्या आधी. 'केळी कटली की बघू' चालणार नाही, तारीख घेतलीय. रात्रीच्या लाईटीला मोटर सुरू करायला जाऊ नका, ऑटो बसवलाय ना? आई, बीपीची गोळी उपासालाही घ्यायची. पाण्याने उपास मोडत नाही.

अखाजीला निंबाला झोका बांधा, आत्याच्या पोरी येतीलच. जुना दोर नको, मागच्या वर्षीच तो उसवला होता.

तुमची,
छोटी