राखीव म्हणायचं आणि रोज वापरायचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता, रस्त्यावरून संचलन करणारे जवान आणि खाली लिहिलेलं 'शहरात लष्कर तैनात'. ते लष्कर नव्हतं हो, एसआरपी होती, म्हणजे राज्य राखीव पोलीस दल. चूक छोटी आहे, दुसऱ्या कोणाला खटकलीही नसेल, पण माझा जन्म दौंडच्या एसआरपी क्वार्टरमधला, त्यामुळे मला ती जरा लागली. दौंडला एक सोडून दोन ग्रुप (म्हणजे दलाचे गट, एकेका गटात अनेक कंपन्या) आहेत, पाच नंबर आणि सात नंबर, शिवाय शेजारी नानवीजला ट्रेनिंग सेंटर. जंक्शनवर ट्रंका घेऊन उभी असलेली खाकी माणसं बघतच आम्ही मोठे झालो, आणि तेव्हासुद्धा गाडीतले पॅसेंजर खिडकीतून विचारायचे, काय हो, मिल्ट्री कुठं चालली?

तर राज्याला स्वतःचं लष्कर ठेवता येत नाही, सैन्य केंद्राचं. राज्याच्या हातात पोलीस. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य केवढं होतं बघा, इकडे गुजरात, तिकडे धारवाड-विजापूर, आणि दंगल कुठेही पेटली की जिल्ह्याचे पोलीस पुरे पडायचे नाहीत, मग दर वेळी सैन्याकडे बघायचं का? म्हणून १९४८ मध्ये हे दल उभं केलं, १९५१ मध्ये त्याचा वेगळा कायदा झाला. कल्पना साधी होती. ठाणं नाही, हद्द नाही, तपासाचं काम नाही. बंदूक, कवायत, लष्करासारखी कंपनी, प्लाटून, सेक्शन, आणि हुकूम आला की ट्रंक उचलून निघायचं. १९६० ला गुजरात वेगळा झाला तरी तिकडे आजही एसआरपीच म्हणतात, कर्नाटकातही स्टेट रिझर्व्ह पोलीसच. आपल्याकडे आज पुणे, जालना, नागपूर, धुळे, अमरावती, सोलापूर, गोरेगाव, हिंगोली, कोल्हापूर, पार वडसा-देसाईगंजपर्यंत ग्रुप आहेत.

लहानपणी हिशोबाला 'हातचा एक' धरायचो ना, एसआरपी म्हणजे सरकारचा हातचा. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हा हातचा आता हातात राहिलेलाच नाही, तो रोजच्या बेरजेत खर्च होतो. गणपती, निवडणूक, अधिवेशन, मोर्चा, जयंती, व्हीआयपी दौरा, यात्रा, परत निवडणूक. बारा महिने बंदोबस्त. अण्णा (माझे वडील) सांगायचे की ग्रुपची एक तरी कंपनी हेडक्वार्टरला पाहिजे, तिने फायरिंग करायचं, कवायत करायची, माणसांनी जरा झोपायचं, आणि कुठे पेटलं की ती ताजी कंपनी निघायची. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं कितीदा झालं विचारलं तर हसायचे नुसते.

टेरिटोरियल आर्मी बघा. ती १९४९ पासून आहे, कोल्हापूरला तिची मराठा लाइट इन्फन्ट्रीची बटालियन पण आहे. तिथला माणूस आपली नोकरी-धंदा सांभाळतो, वर्षातून ठरलेले दिवस ट्रेनिंगला जातो, गरज पडली की बोलावतात. त्याला राखीव म्हणा. एसआरपीवाल्याला दुसरं कामच नाही, तो सतत बाहेरच, आणि तरी नावात राखीव. कुणी ठेवलं ते नाव त्याला एकदा आमच्या पोलीस लाइनीत आणून बसवायला पाहिजे होतं.

आता पेपरचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. मोबाइल नव्हते तेव्हा कंपनी कुठे गेली हे घरी कळायचं ते पेपरातून. 'अमुक ठिकाणी तणाव, एसआरपीच्या दोन तुकड्या दाखल' एवढी एकच ओळ यायची, आणि त्या एका ओळीवर आमच्या लाइनीतल्या बायका नळावर बसून अंदाज काढायच्या, की ए कंपनी तर नगरला आहे, सी परवा रात्री अडीचला निघाली, म्हणजे ही सीच असणार, म्हणजे तुझे आणि माझे. आई ती ओळ कापून डब्याच्या झाकणात ठेवायची. अण्णा परत आले की कात्रण चुलीत.

१९९३ चा तर किस्सा नाही, काय म्हणू. विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून कंपनी पहाटे एका शाळेत जरा टेकली, आणि ३० सप्टेंबरच्या त्याच पहाटे किल्लारीला भूकंप. कंपनी तशीच तिकडे वळवली. दंगलीसाठी तयार केलेली माणसं, ढिगारा कसा उपसायचा हे कुणी शिकवलेलं नाही, काठ्या होत्या, हात होते. अण्णा दिवाळीच्या तोंडावर घरी आले, आणि पहिले आठ दिवस स्लॅबखाली झोपले नाहीत, खाट अंगणात. कोणी कारण विचारलं नाही. आता त्या कामासाठी राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल आहे, धुळ्याला आणि नागपूरला, त्यांना बोटी, कटर, ट्रेनिंग सगळं आहे, चांगलंच झालं. पण माणसं कुठली? एसआरपीतूनच घेतलेली. म्हणजे हातच्यातून परत हातचा.

माझं एकतर्फी होतंय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही लिहिते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरला माता रमाबाई आंबेडकर नगरात एसआरपीने गोळीबार केला, दहा माणसं गेली. आयोग बसला, हुकूम देणाऱ्या फौजदाराला २००९ मध्ये सेशन कोर्टाने जन्मठेप दिली. आमच्या लाइनीत त्या दिवशी रेडिओ कुणी मोठा केला नाही. थकली होती पोरं, अनोळखी वस्ती होती, असली सबब मी सांगणार नाही, तिथल्या घरांना ती ऐकवायची हिंमत कुणात आहे? पण एवढं खरं की ज्याला गल्ली माहीत नाही, भाषा-माणसं माहीत नाहीत, त्याच्या हातात बंदूक देऊन उतरवायचं असेल तर त्याच्या सरावात आणि त्याच्यावरच्या अधिकाऱ्यात काडीचीही कसर चालत नाही. आणि सराव तर आपण बंदोबस्तात खाऊन टाकतो.

कोरोनात काय झालं ते आठवत असेल. २०२० च्या एप्रिलमध्ये मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून हिंगोलीचे जवान परत आले आणि पटापट पॉझिटिव्ह निघाले, हिंगोलीतले सुरुवातीचे बरेच पेशंट म्हणजे हेच. त्यांना कुठे ठेवलं होतं, एका हॉलमध्ये किती, टॉयलेट किती, हे कोणी छापलं का? मी शोधलं, मला तरी दिसलं नाही. माझा मावसभाऊ सध्या सर्व्हिसमध्ये आहे, ग्रुप सांगत नाही. मागच्या निवडणुकीला त्यांना एका शाळेत उतरवलं, शंभरेक माणसं आणि दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. पहाटे तीनला उठून नंबर लावायचा, मग बारा तास उन्हात उभं राहायचं. त्याचं लग्न दोनदा पुढे ढकललं, मुलीकडचे म्हणाले दुसरी नोकरी बघा म्हणजे तारीख तरी मिळेल. जिल्हा पोलिसात बदली मागायची तर ठरावीक वर्षं भरल्याशिवाय अर्जच नाही, आणि अर्ज केला म्हणजे झालं असंही नाही.

गडचिरोलीतल्या पोस्टवर असतात त्यांच्याबद्दल तर लिहिलंच नाही मी, ते एक वेगळं पत्र होईल.

माझी सरकारकडे काही मोठी मागणी नाही, मंत्रालयात कुणी हे वाचणारही नाही. मागणी तुमच्याकडे आहे. पुढच्या वेळी 'एसआरपीची तुकडी दाखल' असं लिहाल तेव्हा वार्ताहराला तीन गोष्टी विचारायला सांगा, कुठल्या ग्रुपचे आहेत, घरून निघून किती दिवस झाले, आणि आज रात्री झोपणार कुठे. एका ओळीच्या दोन ओळी होतील फार तर. आता सगळ्यांकडे फोन आहेत हे मला कळतं, पण ट्रकमध्ये बसलेला पोरगा आईला खरं सांगत नाही, 'आरामात आहे' म्हणतो आणि ठेवतो.

आणि त्या फोटोखालचं कॅप्शन तेवढं दुरुस्त करा.

आपली,
एका रिटायर्ड एसआरपीवाल्याची मुलगी,
दौंड