बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणींचे फिरते प्रदर्शन : साहाय्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

माणदेशातल्या कोणत्याही गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसापाशी बसून ‘बहात्तर साल’, म्हणजे १९७२, एवढेच म्हटले, की पुढचे बोलणे आपोआप सुरू होते, असा आमच्या वाचनालयाचा अनुभव आहे. त्या दुष्काळात खडी फोडलेल्या, पाझर तलावांची माती वाहिलेल्या आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे एका प्रकारच्या ज्वारीच्या, भाकरी खाऊन दिवस काढलेल्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी आमचे कार्यकर्ते आटपाडी, माण आणि सांगोला या तालुक्यांत फिरून ध्वनिमुद्रित करत आहेत. हे आवाज ज्या गावांचे आहेत त्या गावांतच परत नेऊन ऐकवावेत, यासाठी एक फिरते प्रदर्शन उभारण्याचे वाचनालयाने ठरवले असून त्याकरिता आपल्या मदतीची गरज आहे.

मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात बळ मिळाले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. एवढे कागदोपत्री सापडते. परंतु आई घमेले वाहत असताना झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीतल्या पोराकडे कोण पाहत होते, मुकादमाने हजेरीत खाडा लावला तर त्या दिवशी घरात काय शिजत होते, कामावर वाटलेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, स्वतः न खाता पदराला बांधून घरी कोणी नेली, हे कोणत्याही मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, लिहिलेले नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे. आम्ही भेटीची वेळ ठरवली आणि पोहोचेपर्यंत माणूस राहिले नाही, असेही घडले आहे.

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात भरवणे सोपे आणि स्वस्त होते. मात्र ज्यांच्या आठवणी आहेत त्यांना गुडघेदुखीमुळे एसटीची पायरी चढणे अवघड जाते. म्हणून प्रदर्शनानेच त्यांच्याकडे जावे, असे ठरले. सर्व साहित्य एका ‘छोटा हत्ती’त मावेल, दोन माणसांना तासाभरात उभारता येईल आणि शाळेच्या व्हरांड्यात, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर किंवा आठवडे बाजाराच्या कडेला मांडता येईल, या बेताने आराखडा केला आहे. फ्लेक्स उन्हात चकाकतो आणि मोडून पडतो, त्यामुळे घडीच्या बांबूच्या चौकटींवर जाड सुती कापडाचे छापील फलक लावले जातील. अक्षरे मोठी असतील. तरीही अनेकांना वाचता येणार नाही, आणि मुळात हे प्रदर्शन ऐकण्याचे आहे. कानात घालायचे इअरफोन वयस्कर मंडळींना नकोसे वाटतात, हे आम्ही पाहिले. त्याऐवजी जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला की आवाज सुरू व्हावा, अशी रचना एका स्थानिक इलेक्ट्रिशियनने करून दाखवली आहे. प्रत्येक आठवण तीन मिनिटांच्या आत असेल आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालेल.

फलकांवरची भाषा प्रमाण मराठीत आणावी की नाही, यावर कार्यकारी मंडळात बराच वाद झाला. सांगणाऱ्याची बोली जशीच्या तशी ठेवण्याचा निर्णय अखेर झाला, आणि तोच योग्य होता असे आम्हाला वाटते. सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय काहीही ऐकवले जाणार नाही, तसेच मजुरी बुडवल्याच्या तक्रारींत आलेली नावे गाळली जातील. त्या मंडळींची नातवंडे याच गावांत राहतात. प्रत्येक मुक्कामी एक फलक कोरा राहील आणि शेजारी ध्वनिमुद्रणाची सोय असेल, कारण एकाची आठवण ऐकली की दुसऱ्याला आपली सांगाविशी वाटते. बहात्तरला विहिरीत पाणी होते पण धान्य नव्हते, आता धान्य आहे पण पाणी नाही, हे वाक्य तर आम्ही जवळजवळ प्रत्येक गावात ऐकले. ते खरे की खोटे, यावर लोकांनी तिथेच बसून वाद घालावा.

बांबूच्या चौकटी, कापडावरील छपाई, रिसीव्हर व बॅटरी आणि गाडीभाडे हे खर्चाचे मुख्य भाग आहेत. देणगी कितीही लहान असली तरी स्वीकारली जाईल व तिची पावती दिली जाईल. गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर पसरलेल्या आमच्या बांधवांनी यात वाटा उचलावा, अशी खास विनंती आहे, कारण यातल्या कित्येक आठवणी त्यांच्याच आई-आजीच्या आहेत.

पैशांखेरीज वस्तूही हव्या आहेत. त्या काळची खडी फोडायची हातोडी, घमेले, रेशनकार्ड किंवा कामावरचे एखादे छायाचित्र माळ्यावर पडले असेल तर ते कृपया भंगारात देऊ नये. छायाचित्राची प्रत काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत केली जाईल. मुलाखती ऐकून उतरवून घेण्यासाठी बोलीची जाण असलेले स्वयंसेवक हवे आहेत आणि त्यांत शिकणाऱ्या मुली पुढे आल्या तर अधिक चांगले, कारण झोळीबद्दल आणि बाळंतपणाबद्दल आज्या त्यांच्याशीच मोकळेपणाने बोलतात. ज्या गावांना प्रदर्शन हवे असेल त्यांनी दोन दिवसांची जागा आणि रात्री साहित्य ठेवायला कुलूपबंद खोली द्यावी. देणगी, वस्तू आणि नावे वाचनालयाच्या कचेरीत सायंकाळच्या वेळी स्वीकारली जातात. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी निरोप पाठवावा, कार्यकर्ते घरी येतील.

आपले,
कार्यकारी मंडळ