प्रणूस, हाताबद्दल

चि. प्रणू,
अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम टाइप करतो आहे. हातानं लिहिलं तर तू मजकूर सोडून अक्षरच पाहशील आणि माझ्या हाताचा हिशेब मांडत बसशील. तीन संध्याकाळी लागल्या, पण लिहून झालं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपल्यात जे झालं ते मनातून जात नाही. तू मला त्या सभागृहाचा नकाशा दाखवत होतीस. माउसवरचा तुझा हात थरथरला आणि मी मामांसमोर तुझं मनगट धरलं. "बाबा, तुम्हाला सगळीकडे तुमचाच हात दिसतो," असं म्हणून तू उठलीस ती वर्ध्याला गाडीत बसेपर्यंत नीट बोलली नाहीस. चूक माझी होती. आई म्हणते, "पोरीच्या मांगं लागू नका आता." नाही लागत. एकदाच लिहितो.

आजी चहा कधी बशीत ओतायची नाही, पितळी गडव्यात अर्धाच घ्यायची, आठवतं? आम्ही सगळे म्हातारपण समजत होतो. मग माझ्या हातातला खडू फळ्यावर टकटक करू लागला. माझं अक्षर पाहायला शेजारच्या शाळेतले गुरुजी यायचे, आणि मी सुविचार लिहिण्याचं काम मुलांवर सोपवलं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन, नव्हे. कंपवातात हात मांडीवर स्वस्थ पडला असतानाही हलतो, तुमचा काही करायला गेलात की हलतो. आणि म्हणाले, तुमच्यासारखा कंप बऱ्याच घरांत आईबापांकडून मुलांकडे येतो. तेवढं एक वाक्य घेऊन मी एसटीनं घरी आलो. तू तेव्हा दहावीला होतीस. तुझ्या आईलाही दोन वर्षं सांगितलं नाही.

असो. मला माउसबद्दल लिहायचं आहे.

संध्याकाळी लोक सातबारा काढायला, विम्याचा अर्ज भरायला येतात, तुला माहीतच आहे. एकाचं पासबुक उघडायला गेलो तर ती फाइल दुसऱ्याच्याच फोल्डरात जाऊन पडली. बटण दाबताना हात हलला की कॉम्प्युटरला वाटतं, फाइल ओढायची आहे. त्या दिवशी मी फार खचलो. नंतर एकेक गोष्ट शोधून काढली. पॉइंटरचा वेग कमी केला. 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची खूण काढली, कारण ती असली की हाताला झटका बसला तर बाण आणखीच लांब उडतो. डबलक्लिकचा वेग सावकाश ठेवला, आणि शक्य तिथे डबलक्लिक करतच नाही, फाइल निवडून एंटर दाबतो. काही ओढायचं असेल तर क्लिकलॉक लावून ठेवलं आहे. बटण क्षणभर दाबून सोडायचं, वस्तू बाणाला चिकटते, पोचलो की पुन्हा एक क्लिक.

सगळ्यात उपयोगी पडलं ते माउस कीज. डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबलं की ते सुरू होतं. मग उजवीकडच्या आकड्यांनी बाण सरकतो आणि ५ दाबलं की क्लिक होतं. मी बाण माउसनं जागेवर नेतो, माउसवरून हात काढून घेतो आणि मगच ५ दाबतो. हात कितीही हलू दे, बाण हलत नाही.

तू नकाशात मला दाखवलं होतंस ना, एफ३ दाबलं की रेषेचं टोक आपोआप पकडलं जातं, एफ८ दाबलं की रेघ सरळच जाते? त्या दिवशी मी तुझ्या हाताकडे पाहत होतो म्हणून कौतुक राहून गेलं. आता करतो. सडा घातलेल्या अंगणात तू ठिपक्यांची रांगोळी काढायचीस, एक ओळ कधी वाकडी गेली नाही. आणि आता लोकांची घरं काढतेस. गावात मी सांगत फिरतो, तुला आवडो न आवडो.

पण प्रणू, तू कोपर हवेत ठेवून काम करतेस. कीबोर्ड खाली सरकत्या फळीवर आणि माउस वर टेबलावर, म्हणजे मनगट दिवसभर मुडपलेलं. दोन्ही एका उंचीवर घे. कोपरापर्यंतचा हात टेकव, मनगट सरळ ठेव आणि माउस कोपरातून फिरव. माझ्या टेबलाला सुतारानं कडुलिंबाची फळी जोडून दिली, तशी तुलाही करून देतो. चाक दाबून नकाशा सरकवायची तुझी सवय मनगटाला फार भारी पडते. ट्रॅकबॉल घेऊन पाहा, त्यात नुसता गोळा फिरतो, यंत्र जागचं हलत नाही. चहा कमी कर, चहानंही हात थरथरतो. बारा-बारा वाजेपर्यंत जागणं बंद. आणि तुमच्या ऑफिसात कुणाला बोलायची लाज...

बघ, शाळा सुरू झाली माझी. माफ कर.

आई म्हणाली, तुझा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, झटकली की बरं वाटतं. हे ऐकून मला बरं वाटलं, हे कुणाला सांगू? ते मनगटातल्या दबलेल्या नसेचं लक्षण असू शकतं, आणि तसं असेल तर ते माझ्याकडून आलेलं नाही. थायरॉईडनंही हात थरथरतो, तेही तपासून घे. देवापुढे बसलो तर हेच मागतो, माझ्या पोरीला दुसरं काही असू दे. बापानं असं मागावं का, कळत नाही.

तुरीच्या शेंगा भरत आल्या. सोले निघाले की आई पाठवेल. कापसाची दुसरी वेचणी झाली, मजूर मिळेना म्हणून मीही दोन दिवस गेलो. वेचताना हात हलला तरी कापसाला काही कळत नाही.

रविवारी फोन कर. मी हाताबद्दल विचारणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. डॉक्टरांनी मला कोऱ्या कागदावर, हात न टेकवता, जिलबीसारखी गोल गोल रेघ काढायला लावली होती. तूही दोन्ही हातांनी काढून मला फोटो पाठव. नको, मला नको पाठवूस. डॉक्टरांनाच दाखव. कधी जाणार आहेस तेवढं मात्र कळव.