मास्क घे, बाकीचं राहू दे

तालुका मोर्शी, जि. अमरावती

प्रिय गड्या,

संत्र्याचा तोडा सुरू आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. तू पाठवलेला फोटो पाहिला. मास्क, नळी, फिन्स (पायात घालायचे पंख), सगळं एकाच पिशवीत आणि वर छापलंय 'स्नॉर्कलिंग व स्कूबा, दोन्हींसाठी'. स्नॉर्कलिंग म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं, आणि स्कूबा म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन खोल जाणं. नाताळात मालवणला जायचंच आहे तर मागवून टाकू का, म्हणतोस. नको बाप्पा. फक्त मास्क घे, तोही चेहऱ्याला लावून बघून.

विहिरीत मोटरचा फूटव्हॉल्व्ह काढायला तू बुडी मारायचास तेव्हा तळाशी कानात कळ यायची ना? तो पाण्याचा दाब. दहा मीटर खाली तो वरच्यापेक्षा दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकली की कान मोकळे होतात. म्हणून मास्कमध्ये नाक आत बसायला पाहिजे, पण बाहेरून चिमटीत धरताही आलं पाहिजे. पोहण्याचा साधा गॉगल इथे कामाचा नाही. आणि तो अख्खा चेहरा झाकणारा मास्क, जो तुझ्या पोरांना आवडला, त्यात नाक धरताच येत नाही. वरवर तरंगण्यापुरता ठीक म्हणतात, मला तोही पटत नाही. सोडलेली हवा नीट बाहेर गेली नाही तर तीच पुन्हा आत जाते.

काच टेम्पर्ड आणि कडा मऊ सिलिकॉनची हवी. पट्टा डोक्यामागे न घालता मास्क नुसता चेहऱ्याला लाव आणि नाकाने जरासा श्वास आत ओढ. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तुझ्या मापाचा. तुझ्या मिशा मात्र आड येणार! नाकाखालची एक पट्टी काढावी लागेल, नाहीतर तिथूनच पाणी झिरपेल. वाढतात पुन्हा, एवढं काय. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या टूथपेस्टने आतून चोळून धू. मग पाण्यात उतरताना काचेवर थुंकी फिरवून विसळायची. हसू नको, मुरलेले पाणबुडेही तेच करतात.

स्नॉर्कलची नळी दीड-दोन वीत असते, तेवढीच बरी. लांब पाइप लावून खोल जाऊ, हा विचार पोरांच्या डोक्यात येईल, तो आधीच काढून टाक. खाली दाबामुळे छाती फुगत नाही, आणि लांब नळीत आपलीच उच्छ्वासाची हवा अडकून राहते. स्नॉर्कलिंगला लाइफ जॅकेट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाल. तोंड पाण्यात असलं तरी पाठ उन्हातच असते.

स्कूबाचं काहीच विकत घेऊ नको. सिलिंडर, रेग्युलेटर, हवेचं जॅकेट, वजनाचा पट्टा, सगळं तिथे मिळतं. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते. रेग्युलेटर ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो, म्हणून खाली श्वास घेता येतो. आणि नेमकी इथेच आपली विहिरीतली सवय घात करते. आपण श्वास रोखून बुडी मारणारे. वरून भरून नेलेली हवा वर येताना फार तर पहिल्याइतकी होते. पण दहा मीटरवर सिलिंडरची हवा छातीभर घेऊन श्वास रोखून वर आलास, तर ती दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. स्कूबात श्वास कधीच रोखायचा नाही, आणि वर यायचं ते सावकाश.

बोटीवर चढण्याआधी सिलिंडरचा दाब दाखवणारं गेज दाखव म्हणावं. भरलेला सिलिंडर साधारण २०० बार दाखवतो. दमा किंवा हृदयाचा त्रास विचारणारा फॉर्म दिला नाही, तर तिथे पैसे भरू नको, दुसरीकडे जा. गोव्याहून विमानाने नागपूरला परतणार आहेस ना? एकच डाइव्ह केलीस तर निदान १२ तास, जास्त केल्यास तर १८ तास विमानात बसायचं नाही. तिकीट त्या हिशेबाने काढ.

वहिनींचा चष्मा मास्कखाली बसणार नाही, पण नंबरच्या काचा लागणारे मास्क मिळतात. दोन्ही डोळ्यांचे नंबर कळव, मी शोधून ठेवतो.

तुझाच